मुका मार

मराठीत ‘मुका मार’ असा शब्द आहे. कातडी फाटलेली नसते, रक्त वाहत नाही, हाड मोडल्याचा आवाजही कुणी ऐकलेला नसतो. तरी आत कुठेतरी शरीर मोडलेले असते. हळद-तुरटीचा लेप लावून आजी म्हणायची, ‘उघड्या जखमेपेक्षा मुका मार वाईट.’ ती बरोबर होती, पण ती का बरोबर आहे हे वैद्यकाला नीट कळायला विसावे शतक उजाडावे लागले. ते कळण्यात खाणकामगार, खांबावर चढणारे लाइनमन आणि ढिगाऱ्याखाली अडकलेली साधी माणसे यांच्या शरीरांचा वाटा मोठा आहे. आघात, उष्णता आणि थंडी, वीज, किरणोत्सर्ग: या चार गोष्टी शरीराचे नेमके काय करतात, हे आपण कुणाच्या शरीरावरून शिकलो, हा या लेखाचा विषय आहे.

मी यशवंतपूरला राहतो. बेंगळुरूचा हा भाग बाहेरच्यांना रेल्वे स्टेशन आणि बाजार समितीचे आवार यांच्यामुळे माहीत असतो. पण आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरात भारतीय विज्ञान संस्था आहे, जिला इथले जुने लोक अजून ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात. त्याच बाजूला रामन यांनी उभारलेली संशोधन संस्था आहे आणि १९६० साली स्थापन झालेली सेंट्रल पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, जिथे ट्रान्सफॉर्मर, केबल आणि इन्सुलेटर यांच्या परीक्षा होतात. रवी किर्लोस्करांनी १९४६ साली सुरू केलेली किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनीही याच पट्ट्यात वाढली आणि तिच्या मोटारींबरोबर अनेक मराठी कुटुंबे इकडे आली. पश्चिमेला पीण्या औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या पॉवर प्रेसवर काम केलेल्या माणसांशी हस्तांदोलन करताना कधीकधी एखादे बोट कमी लागते.

प्रयोगशाळा इकडे आहेत. पण या चारही शक्तींनी माणसांना जिथे सर्वाधिक जवळून गाठले, ती जागा इथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर आहे: कोलारची सोन्याची खाण. बेंगळुरूच्या विजेचा इतिहास तिथून सुरू होतो, भारतातल्या विश्वकिरणांच्या संशोधनातला एक मोठा अध्याय तिथेच घडला, आणि खडकाच्या स्फोटांचा आणि पाताळातल्या उष्म्याचा अनुभव या देशाला सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त तिथेच आला.

१. खडक

कोलारला आधुनिक खाणकाम १८८० पासून ‘जॉन टेलर अँड सन्स’ या लंडनच्या कंपनीने मार्गी लावले. खाणीत उतरणारे बहुसंख्य मजूर तमिळ मुलखातून आलेले दलित होते. सोन्याची शीर जशी खोल गेली तसे तेही खोल गेले आणि शेवटी चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरहून खोल पोहोचली. जगातल्या सर्वांत खोल खाणींमध्ये तिची गणना होत असे.

खडक इतका खोल असतो तेव्हा त्याच्यावर वरच्या सगळ्या खडकाचा भार असतो. तो ताणलेल्या स्प्रिंगसारखा ऊर्जा धरून बसतो. माणूस बोगदा खणतो म्हणजे त्या स्प्रिंगचा एक आधार काढून घेतो. मऊ खडक अशा वेळी हळूहळू दबतो. कोलारचा खडक कठीण आणि ठिसूळ, तो दबत नाही, फुटतो. भिंत सुरुंगासारखी आत उडते. याला ‘रॉक बर्स्ट’ म्हणतात. कोलारला त्याची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे, आणि मोठ्या स्फोटांचे हादरे जमिनीवरच्या वस्तीपर्यंत पोहोचत, घरांना तडे जात. पृथ्वीच्या पोटातला भूकंप मोजावा तसे हे स्फोट मोजण्यासाठी तिथे भूकंपमापक बसवावे लागले. १९८८ साली खडकांच्या यामिकीची राष्ट्रीय संस्था याच गावात स्थापन झाली, ती काही योगायोगाने नव्हे.

दगड अंगावर आला की काय होते? हाड मोडते, कवटी फुटते, हे दिसते. न दिसणारी गोष्ट १९४१ साली लंडनमध्ये एरिक बायवॉटर्स या डॉक्टरने नीट लिहून ठेवली. बॉम्बहल्ल्यात पडलेल्या घरांखालून लोकांना काही तासांनी बाहेर काढले जाई. माणूस शुद्धीवर असे, बोलत असे, पाय चेपला गेला आहे एवढीच तक्रार असे. काही दिवसांत त्याची लघवी काळपट होऊन बंद पडे आणि तो मरे. बायवॉटर्स यांनी दाखवले की मूळ मार स्नायूंना बसलेला असतो. चेपलेला स्नायू मरतो, त्याच्यातले लाल प्रथिन आणि पोटॅशियम तिथेच कोंडून राहते. वरचा दगड उचलला की रक्त पुन्हा वाहू लागते आणि हा सगळा माल एकदम शरीरभर जातो. पोटॅशियम हृदय थांबवू शकते, प्रथिन मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या तुंबवते. म्हणजे माणसाला मारणारा क्षण दगड पडण्याचा असेलच असे नाही. तो दगड उचलण्याचा असू शकतो. म्हणूनच आज बचाव पथके ढिगारा पूर्ण उचलण्याआधी शिरेतून सलाइन सुरू करायचा प्रयत्न करतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झाले त्याची आठवण मराठी वाचकाला इथे येणारच. लातूर-उस्मानाबादच्या त्या गावांत दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी घरे होती. उन्हाळ्यात गारवा देणारे हेच बांधकाम त्या पहाटे हजारो झोपलेल्या माणसांवर कोसळले. अनेकांच्या अंगावर मोठी जखमही नव्हती. मातीने नाक-तोंड भरले होते किंवा छातीवरच्या भाराने श्वास घेता आला नव्हता. छाती वर उचलता आली नाही तर फुप्फुस धड असूनही माणूस गुदमरतो. हाही मुका मारच.

कोलारच्या खाणीत असाच एक मुका मार रोज, थोडा थोडा बसत होता. गारगोटीचा खडक फोडताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि तिच्याभोवती व्रण तयार होत जातात. या रोगाची, सिलिकोसिसची, भारतातली पहिली वैद्यकीय नोंद १९४७ सालची आहे आणि ती कोलारच्या खाणीतली आहे. खाण तोवर साठ वर्षांहून अधिक काळ चालू होती.

२. ऊन आणि बर्फ

खाणीत जितके खोल जावे तितका खडक गरम होतो. कोलारच्या तळाला खडकाचे तापमान साठ अंश सेल्सिअसच्या पुढे जाई. वरून थंड हवा सोडावी लागे आणि १९३० च्या दशकात कंपनीने हवा थंड करणारी यंत्रे बसवली. पण हवा तळाशी पोहोचेपर्यंत स्वतःच्या दाबाने तापते आणि वाटेतल्या पाण्याने दमट होते. खाणकामगाराचा शत्रू हा दमटपणाच होता.

हे दाखवून दिले जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने, १९०५ साली. कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणीत आणि गरम हमामात त्याने स्वतःवरच प्रयोग केले. साधा तापमापक किती दाखवतो याने फारसे काही ठरत नाही, असे त्याला दिसले. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळल्यावर तो किती दाखवतो, त्यावर सगळे अवलंबून असते. ओल्या फडक्याचा आकडा वारा नसताना साधारण ३१ अंशांच्या वर गेला की नुसत्या बसलेल्या माणसाचेही अंग आतून तापू लागते. कारण सरळ आहे. जड काम करणारा माणूस तासाला चारशे-पाचशे किलोकॅलरी उष्णता निर्माण करतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. पण घाम वाळला तरच. दमट हवेत तो अंगावरून नुसता ओघळतो, शरीरातले पाणी आणि मीठ संपवतो आणि काहीही थंड करत नाही.

मग रक्त थंड होण्यासाठी कातडीकडे धावते, आतड्याला ते कमी पडते, आतड्याचे अस्तर गळू लागते आणि तिथले जंतूंचे विष रक्तात उतरते. शरीराचे तापमान ४० अंशांपलीकडे गेले की मेंदू भरकटतो. माणूस बरळतो, भांडतो, पडतो. आपण ‘ऊन लागले’ म्हणतो, पण कोलारच्या तळाशी ऊन कुठले? तिथे कुणी सूर्य पाहिलेला नसे. मराठीतला हा शब्दप्रयोग कारण चुकीच्या जागी शोधतो.

त्याची किंमत आपण अलीकडेच मोजली. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर, भर दुपारपर्यंत चालला. उष्माघाताने चौदा माणसे गेली. त्या दिवशीचे तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. चंद्रपूर-नागपूरच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. तिथे ४५ अंशांत लोक खिशात कांदा घालून कामाला जातात. पण विदर्भातले ऊन कोरडे, खाडीकाठची हवा ओली. हॉल्डेनचे ओले फडके त्या मैदानावर एखाद्या खांबाला टांगलेले असते तर त्याने साध्या तापमापकापेक्षा खरे सांगितले असते.

थंडीचा मार्ग उलटा आहे, आणि तिथेही दगड उचलण्याच्या क्षणासारखाच एक क्षण असतो. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेनला हिमस्खलनात मद्रास रेजिमेंटचे दहा जण गाडले गेले. सहा दिवसांनी, पंचवीस-तीस फूट बर्फाखालून लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद जिवंत सापडले. ते धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूरचे. त्या आठवड्यात आमच्या भागातल्या देवळांत, चहाच्या टपऱ्यांवर, सगळीकडे त्यांचेच नाव होते. थंडीने शरीर मंद होते. पेशींना प्राणवायू कमी लागतो, आणि भोवती हवेची छोटी पोकळी राहिली तर माणूस असा टिकू शकतो. पण ऊब मिळाली की गारठलेल्या हातापायांत रक्त परत जाते, आणि तिथे साचलेले आम्ल, पोटॅशियम, गुठळ्या घेऊन हृदयाकडे येते. पुढचे एक-दोन दिवस वादळी असतील, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते आणि त्याचे कारण हेच दिले होते. ११ फेब्रुवारीला ते गेले. बायवॉटर्सने लंडनच्या ढिगाऱ्याखाली पाहिलेली गोष्ट आणि ही गोष्ट एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत.

३. वीज

कोलारच्या पंपांना, पाळण्यांना आणि खडक दळणाऱ्या यंत्रांना फार शक्ती लागे. म्हैसूर संस्थानाचे दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळात कावेरीवर शिवनसमुद्रला जलविद्युत केंद्र उभारायचे ठरले, आणि ३० जून १९०२ रोजी तिथली वीज ९२ मैलांवरच्या खाणीत पोहोचली. तीस-पस्तीस हजार व्होल्टची एवढी लांब वाहिनी त्या काळी जगात मोजकीच होती. बेंगळुरूच्या रस्त्यांवर दिवे लागले ते त्यानंतर, ५ ऑगस्ट १९०५ ला. म्हणजे वीज आधी सोन्याला मिळाली आणि उरली ती शहराला. दिव्यांच्या उद्घाटनाची गोष्ट बेंगळुरूत आवडीने सांगतात. तारा ओढणाऱ्यांपैकी कुणाला झटका बसला का, हे मी जेवढे वाचले त्यात कुठे आढळले नाही.

वीज माणसाला कशी मारते हे तेव्हा कुणालाच नीट ठाऊक नव्हते. जाळून मारते, असा समज होता. उच्च दाबाची वीज जाळतेही: आत जाण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या जागी छोटी काळी खूण, आणि मधले स्नायू हाडाला लागून शिजलेले. पण घरातल्या विजेने मेलेल्या माणसाच्या अंगावर अनेकदा ओरखडाही नसतो. १८९९ मध्ये जिनिव्हाच्या प्रेव्होस्त आणि बातेली यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवले की हलका प्रवाह हृदयाला फडफडायला लावतो. सगळे स्नायूतंतू आपापल्या तालात थरथरतात, रक्त मात्र पुढे जात नाही. आणखी चमत्कारिक म्हणजे जोराचा दुसरा झटका ही फडफड थांबवू शकतो, हेही त्यांनी नोंदवले. त्याकडे पुढची तीस वर्षे फारसे कुणी पाहिले नाही.

त्याकडे पुन्हा पाहिले गेले ते वीज कंपन्यांमुळे. अमेरिकेत खांबांवर लाइनमन मरत होते आणि कंपन्यांना हे प्रकरण परवडेनासे झाले. त्यांच्या पैशावर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोवेन या विद्युत अभियंत्याने हृदयाचा अभ्यास सुरू केला. हा माणूस डॉक्टर नव्हता. छातीबाहेरून झटका देऊन हृदय पूर्ववत करणारे यंत्र त्याच्या गटाने केले. ते यंत्र छातीवर दाबून धरताना रक्तदाब किंचित वाढतो, हे त्याच्या एका तरुण सहकाऱ्याच्या लक्षात आले. त्यातून १९६० साली छाती दाबून हृदय चालू ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. आज शाळकरी मुलांना जी ‘सीपीआर’ शिकवतात ती हीच. दूरचित्रवाणीवरच्या प्रत्येक इस्पितळात दिसणाऱ्या त्या दृश्यामागे खांबावरून पडलेले कितीतरी लाइनमन आहेत.

बर्कलेच्या चार्ल्स डॅलझील यांनी दुसरा प्रश्न घेतला. शॉक लागलेला माणूस सांगतो, ‘विजेने धरून ठेवले.’ वीज कशी धरेल? डॅलझील यांनी स्वयंसेवकांच्या हातात तार देऊन मोजले. साधारण एक मिलिअँपिअरला झिणझिण्या येतात. दहा-वीस मिलिअँपिअरपर्यंत गेले की हात सुटत नाही, कारण प्रवाह दंडापुढचे सगळे स्नायू एकदम आखडतो आणि मूठ मिटणारे स्नायू ती उघडणाऱ्यांपेक्षा बळकट असतात. म्हणजे माणसाला त्याचाच हात धरून ठेवतो. छातीतून शंभर मिलिअँपिअरच्या आसपास गेले तर हृदय फडफडू लागते. साध्या दिव्याला याहून जास्त प्रवाह लागतो. डॅलझील यांनी पुढे १९६१ मध्ये गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे साधन केले, त्याचेच भावंड आपल्या घरातल्या फळीवर असते, किंवा असायला हवे.

प्रवाह किती जाणार हे कातडी ठरवते. कोरडी कातडी बराच अडथळा करते, ओली कातडी जवळजवळ काहीच नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात बेंगळुरूच्या पूर्वेला काडुगोडी भागात पहाटे पदपथावर तुटून पडलेल्या उच्च दाबाच्या तारेवर एका तरुण आईचा पाय पडला. कडेवर नऊ महिन्यांचे मूल होते. दोघेही गेली, वाचवायला धावलेला नवरा भाजला. शिवनसमुद्रची वीज या शहरात आल्याला तेव्हा ११८ वर्षे झाली होती, आणि विजेचे शास्त्र त्यातली निदान साठ वर्षे पूर्ण माहीत होते. तार तुटताच प्रवाह बंद करण्याचे तंत्र यशवंतपूरच्या आसपास शिकवले जाते, तपासले जाते. ते ज्ञान त्या पदपथापर्यंत मात्र पोहोचले नव्हते.

४. किरण

चौथी शक्ती कोलारच्या गोष्टीत उलट्या बाजूने येते. १९३९ साली सुटीसाठी भारतात आलेले होमी भाभा युद्धामुळे इथेच राहिले आणि आमच्या शेजारच्या विज्ञान संस्थेत रुजू झाले. त्याच सुमारास अमेरिकेचे मिलिकन आपल्या सहकाऱ्यांसह बेंगळुरूला आले होते. आकाशातून येणारे विश्वकिरण मोजायला त्यांनी इथून फुगे सोडले. भाभांनीही तोच विषय धरला. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये आधी याच आवारात सुरू झाली आणि मग मुंबईला गेली. १९५१ च्या सुमारास भाभांनी बी. व्ही. श्रीकांतन या तरुण संशोधकाला कोलारच्या खाणीत पाठवले. कारण जितके खोल जावे तितके हे किरण खडकात अडकतात, आणि उरलेले मोजता येतात.

जमिनीवर आपल्या तळहातातून साधारण सेकंदाला एक विश्वकिरणाचा कण आरपार जातो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कोलारच्या सर्वांत खोल पातळीवर ठेवलेल्या यंत्रांत सुमारे दोन महिने एकही कण नोंदला गेला नाही. एवढी शांतता मिळाल्यामुळेच १९६५ मध्ये तिथे वातावरणातून येणाऱ्या न्यूट्रिनोची नोंद करता आली, जगात पहिल्यांदा होणाऱ्या अशा नोंदींपैकी ती एक. मला या घटनेत एक विचित्र गोष्ट दिसते. आकाशाच्या किरणोत्सर्गापासून पृथ्वीवर सर्वाधिक सुरक्षित अशा मोजक्या जागांपैकी एका जागी माणसे रोज काम करत होती, आणि खडक, उष्मा, धूळ या बाकी सगळ्यांपासून सर्वाधिक असुरक्षित अशीही तीच जागा होती.

किरणोत्सर्ग शरीराला काय करतो हे समजायला एक हिशेब पुरेसा आहे. संपूर्ण शरीराला चार ग्रे इतकी मात्रा मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर जवळजवळ निम्मी माणसे दोनेक महिन्यांत मरतात. ही ऊर्जा सत्तर किलोच्या माणसात २८० ज्यूल भरते. एक चमचाभर गरम चहा पोटात गेला तर याहून जास्त उष्णता जाते. शरीराचे तापमान एक सहस्रांश अंशाने वाढते. म्हणजे प्रश्न ऊर्जा किती याचा नाही, ती कुठे पडते याचा आहे. ती थेट पेशीच्या गाभ्यात, गुणसूत्राच्या धाग्यावर पडते आणि दोन्ही दोर तोडते. ज्या पेशी सतत विभागत असतात त्या आधी मरतात: हाडांतला मगज, आतड्याचे अस्तर, केसांची मुळे. म्हणूनच कर्करोगाच्या गाठीवर हेच किरण वापरता येतात. आपल्याकडे रुग्ण त्याला ‘शेक घेतला’ म्हणतात. शब्द मायेचा आहे, पण इथे शेकत काहीच नाही. ऊब लागत नाही, दुखत नाही. परिणाम दिवसांनी, कधी वर्षांनी दिसतो. मुक्या माराचे हे टोक.

एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली क्ष-किरणांच्या नळ्या तपासताना रोज स्वतःचा हात मध्ये धरी. हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो गेला. आपल्याकडे एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात एका विद्यापीठाने लिलावात काढलेले जुने यंत्र फोडले गेले. आत कोबाल्ट-६० होते. लोखंड समजून ते ज्यांनी हाताळले त्यांची कातडी काळी पडली, केस गळले, आणि एकाचा मृत्यू झाला. यंत्रावरची खूण वाचता येणारी माणसे विद्यापीठात होती. ज्यांनी ते हातोड्याने फोडले त्यांना ती वाचायला कुणी शिकवले नव्हते.

५. टक्केवारी

१९६१ साली जेम्स गिब्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक साधे विधान केले: इजा म्हणजे शरीराला सोसवेल त्याहून जास्त ऊर्जेचा आघात. ती ऊर्जा गतीची असेल, उष्णतेची, विजेची किंवा किरणांची. विल्यम हॅडन या डॉक्टरने पुढे यातून सुरक्षेचे शास्त्र उभे केले. अपघाताला नशीब किंवा निष्काळजीपणा म्हणणे सोडा, ऊर्जा कुठे साठली आहे आणि माणूस तिच्यापासून किती दूर आहे ते पाहा, असे ते शास्त्र सांगते. कोलारच्या कामगाराला हे वेगळे सांगावे लागले नसते. तो साठलेल्या ऊर्जेच्या पोटातच उभा होता.

कायद्याने मात्र इजा वेगळ्या रीतीने मोजली. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. कामगारांचा आवाज म्हणून तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळात ना. म. जोशी होते. कोलार म्हैसूर संस्थानात असल्याने हा कायदा तिथे आपोआप लागू नव्हता, पण विचार करण्याची पद्धत तीच राहिली. कायद्याला जोडलेल्या तक्त्यात शरीराची यादी होती. कोपरापासून उजवा हात गेला तर कमावण्याची ताकद सत्तर टक्के गेली, डावा गेला तर साठ. एक डोळा तीस, अंगठा पंचवीस, तर्जनी दहा. हा तक्ता मी अनेकदा वाचला आहे. त्याची थट्टा करावीशी वाटत नाही, कारण त्याआधी अंगठ्याला काहीच मिळत नव्हते. पण तो वाचताना लक्षात येते की जे तुटून बाजूला पडते तेच त्याला आधी दिसले. फुप्फुसात बसलेली धूळ आणि किरणांनी बिघडलेले रक्त यांना व्यवसायजन्य रोगांच्या यादीत पुढे जागा मिळाली, तरी तो रोग कामामुळेच झाला हे पटवून द्यायला कागद लागतात, आणि ते बहुधा कामगाराकडे नसतात. मुक्या माराला साक्षीदार नसतो.

कोलारची खाण १९५६ मध्ये सरकारने घेतली आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद केली. मी दोनदा तिथे गेलो. बंगारपेटहून मारीकुप्पमला जाणाऱ्या छोट्या फाट्यावर ऊरगाव, चॅम्पियन, कोरोमांडेल अशी स्टेशने लागतात. सोने काढून उरलेल्या मातीचे राखी डोंगर उभे आहेत, वारा सुटला की त्यांची धूळ घरांत शिरते. विहिरींसारखे ते खोल बोगदे पाण्याने भरले आहेत. न्यूट्रिनोचा शोध जगभरच्या पुस्तकांत गेला आणि खडकाच्या स्फोटांचे निष्कर्ष बोगदे-धरणांच्या आराखड्यांत वापरले जातात.

खाण कामगारांची मुले-नातवंडे रोज पहाटेच्या गाडीने बेंगळुरूला कामाला येतात. या शहरातल्या कामांत मेट्रोचे बोगदे आहेत, विजेच्या तारा आहेत, एप्रिलच्या उन्हातले स्लॅब आहेत. आपण त्यांच्या आजोबांच्या शरीरांवरून जे शिकलो ते सगळे आता छापलेले आहे. त्यातले किती त्या गाडीतल्या माणसांपर्यंत हेल्मेटच्या, ताक-मिठाच्या पाण्याच्या, सावलीतल्या विश्रांतीच्या आणि वेळेवर तुटणाऱ्या वीजप्रवाहाच्या रूपाने पोहोचते, यावरून या इतिहासाचा हिशेब लागेल.